टांगा नंबर सत्याऐंशी, दिवा नाही

भागीरथीअक्कानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, फोन हातभर लांब धरला आणि गाडीचा नंबर एकेक आकडा मोठ्यानं म्हणत टाईप केला. समोर हेब्बाळच्या कंपनीतला एक पोरगा उभा. गळ्यात कार्डाचा पट्टा, हातात नवं कोरं हेल्मेट.

"तीन केस आहेत," अक्का म्हणाली. "दोनदा हेल्मेट नाही, एकदा सिग्नल तोडलाय."

"मी नव्हतो हो अक्का. मित्रानं नेली होती गाडी."

अक्कानं फोटोवर दोन बोटं फाकवली. फोटो मोठा झाला. "मित्र तुझाच शर्ट घालून गेला होता काय? हाच बघ, रेघांचा. खिशापाशी शाईचा डाग पण हाच."

पोरानं स्वतःच्या खिशाकडं बघितलं आणि गप पैसे भरायच्या तयारीला लागला.

अक्काशी खोटं बोलून आजवर कुणी जिंकलेलं नाही. मैसूरच्या कोर्टाच्या भिंतीला लागून करंजाचं झाड आहे, त्याच्याखाली तिचं टेबल. वय अठ्ठावन्न. कुणाच्या गाडीवर किती केस, कुठली केस कोर्टात गेली, तारीख कधी, सगळं ती शोधून देते. लोक म्हणतात, हे तर घरबसल्या फोनवर होतं. मग बसा की घरी. येता कशाला? येतात, कारण फोन नुसता आकडा दाखवतो. पुढं काय करायचं ते अक्का सांगते.

एके काळी त्या झाडाखाली चौदा टाईपरायटर होते. सकाळी दहाला एकदम सुरू व्हायचे. पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज, आणि कार्बन पेपरचा तो वास. त्या चौदांतलं एक मशीन अक्काचं. ते अजून आहे. टेबलाखाली, गोणपाटात गुंडाळून.

मशीनवर बोटं ठेवायला तिला वडिलांनी शिकवलं. नागोजीराव. याच कोर्टात कारकून होते. बोटांवर रुमाल टाकायचे आणि म्हणायचे, आता बघू नको, मार. एक अक्षर चुकलं की अख्खा कागद टराटरा फाडायचे. "कागदच खोटं बोलायला लागला तर माणसानं जायचं कुठं?" हे त्यांचं नेहमीचं. हसताना त्यांना फारसं कुणी बघितलं नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही केली तरी खाली दोन रेघा मारणार, एक सरळ, एक जरा तिरकी. घरच्या कॅलेंडरवर चौकटीत बारीक मोडीत काहीबाही लिहून ठेवायचे. ते घरात त्यांच्याशिवाय कुणालाच वाचता यायचं नाही. जाऊन आता बारा वर्षं झाली.

तर त्या दिवशी कंपनीवाला गेला, आणि काखेत चाबूक धरून खंडोजीराव आले.

खंडोजीराव अग्रहारातले टांगेवाले. वय अडुसष्ट. पणजा राजाच्या घोडदळात होता. घोडदळ मोडलं, घोडा तेवढा घरात राहिला. मग आजा टांग्यावर, बाप टांग्यावर, हे पण टांग्यावर. अक्का शाळेत त्यांच्याच टांग्यानं गेलेली. सात पोरी आत, दप्तरं बाहेर लटकलेली, पुढं बसायला मिळावं म्हणून रोज भांडण. खंडोजी तेव्हा सव्वीसचा. घोडा चालेना झाला की त्याला कन्नडमध्ये समजवायचा आणि पोरींना मराठीत दम द्यायचा.

"अक्का, माझी एक केस शोधून दे."

"गाडी नंबर?"

"नंबर कुठला? घोडीला नंबर असतो काय?"

"मग कॅमेऱ्यानं शेवंतीचा फोटो काढला की काय?" अक्का हसली. शेवंती म्हणजे त्यांची घोडी.

ते हसले नाहीत. स्टुलावर टेकले. "जुनी केस. त्र्याऐंशी सालची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी. टांग्याला दिवा नव्हता म्हणून पोलिसानं धरलं."

अक्कानं चष्मा काढला. पस्तीस वर्षांत लोक केस मिटवायला आले, लपवायला आले. सापडू दे म्हणून आलेला हा पहिला माणूस.

भानगड अशी होती. गावातल्या टांग्यांना नवे बिल्ले मिळणार होते. कमिटी बसली होती. पंच्याऐंशीच्या आधीपासून टांगा चालवतोय असा कागद दाखवेल त्याला बिल्ला, बाकीच्यांनी पुढच्या महिन्यापासून स्टँडवर यायचं नाही. आणि खंडोजीरावांकडं स्वतःच्या नावाचा एकही कागद नव्हता. जुना पितळी बिल्ला, नंबर सत्याऐंशी, तो वडिलांच्या नावाचा. सयाजीरावांच्या.

"कमिटीवाला म्हणतो, सयाजीराव कोण? मी म्हटलं, अप्पा. तर म्हणतो, अप्पांना आणा. आता कुठून आणू?"

"आणि नाही मिळाला बिल्ला तर?"

"बेट्टदपुराकडचा एकजण शेवंतीला मागतोय. लग्नाच्या वरातीला. डोक्यावर तुरा लावून बँडपुढं नाचवणार तिला." ते चाबकाच्या दांड्यावर अंगठा घासत राहिले. "ती बँडला घाबरते. दसऱ्यात सुद्धा मी तिच्या कानात कापूस घालतो. शनिवारपर्यंत कागद द्यायचाय, अक्का."

अक्कानं फोनवर बघितलं. नाव टाकलं, साल टाकलं. कुठल्यातरी दुसऱ्याच खंडोजीरावाचा जमिनीचा दावा निघाला. फोन इतक्या मागं जातच नव्हता. तिनं टेबल शेजारच्या झेरॉक्सवाल्यावर सोपवलं आणि रेकॉर्ड रूमसाठी अर्ज लिहिला. "सही करा."

खंडोजीरावांनी पेन कागदावर टेकवलं ते शेवटपर्यंत उचललंच नाही. वर रेघ, खाली वळण, परत वळण. बिळात शिरणारा साप जणू.

"हे काय हो?"

"मोडी. आज्यानं शिकवलं. मोडीतलं माझं नाव तेवढं येतं, बाकी सगळं कन्नड. बँकेत पण हीच सही. दर वेळी मॅनेजर हसतो."

अक्काला वडिलांचं कॅलेंडर आठवलं.

रेकॉर्ड रूममध्ये नरसिंहमूर्ती. रिटायर व्हायला चार महिने राहिलेला माणूस, नाकाला रुमाल बांधलेला. "अय्यो अक्का, तेव्हाच्या फायली कधीच गेल्या. वाळवीनं निम्म्या खाल्ल्या, सरकारनं निम्म्या."

"फाईल नको, सार. रजिस्टर द्या. दसऱ्यानंतरचा आठवडा."

मूर्ती शिडीवर चढले, दोनदा शिंकले, मांडीएवढं जाड रजिस्टर घेऊन उतरले. पानं पिवळी, कडा चुरगळलेल्या. बोट खाली सरकत गेलं. सायकलला दिवा नाही. सायकलवर डबल सीट. बैलगाडी रस्त्यात सोडली. परत सायकल. अक्काला तो सगळा रस्ता दिसायला लागला. दसऱ्याचे दिवे उतरवणारे लोक, पायाखाली हत्तींचं शेण, डबल सीट पोरं आणि मधून टपटप जाणारे टांगे. त्या रस्त्यावर आता शिंगं फुंकल्यासारखे हॉर्न. असो.

"हे बघा," मूर्ती म्हणाले. "टांगा नंबर सत्याऐंशी. अंधार पडल्यावर दिवा नाही. आरोपी हजर. गुन्हा कबूल."

खंडोजीराव उठून उभे राहिले. "नाव? नाव काय लिहिलंय?"

"सयाजीराव."

ते परत खाली बसले.

अक्का त्यांच्याकडं वळली. "सयाजीराव? ते तर एक्क्याऐंशीत गेले. मला चांगलं आठवतंय, चार दिवस शाळेला टांगा आला नव्हता. मग त्र्याऐंशीत कोर्टात हजर कोण झालं?"

खंडोजीराव जमिनीकडं बघत बोलले. "बिल्ला अप्पांच्या नावावर. मेल्याचं कळवलं असतं तर काढून घेतला असता. घोडा काय खाणार? पोलिसानं नाव विचारलं, मी अप्पांचं सांगितलं. कोर्टात सयाजीराव म्हणून पुकारलं, मी हो म्हटलं. मान वर करायची हिंमत नव्हती. सही कुठं करायची ते कुणीतरी बोटानं दाखवलं. तेवढं बोट बघितलं मी. शाई लागलेलं."

"मग नाव तुमचं नाही हे माहीत होतं की तुम्हाला. शोधायला कशाला लावलं?"

"वाटलं, लिहिणाऱ्यानं चुकून माझं लिहिलं असेल. लोक लॉटरी नाही काढत?" ते उठले. "आयतु, झालं. जाऊ दे. बेट्टदपुरवाल्याला फोन करतो."

मूर्ती रजिस्टर मिटायला लागले, आणि अक्कानं पानावर हात आपटला. धूळ उडाली.

"थांबा. सही बघा."

नावापुढच्या रकान्यात तो साप होता. वर रेघ, खाली वळण, परत वळण. पेन न उचलता. अक्कानं अर्जाचा कागद त्याच्याशेजारी ठेवला. बेचाळीस वर्षांचं अंतर, पण साप एकच.

नाव बापाचं सांगितलं, सही स्वतःची केली. घाबरलेल्या माणसाचा हात त्याला येतं तेच लिहिणार ना! आणि मोडी कुणाला वाचता येत नसल्यानं इतकी वर्षं ती तशीच बसून राहिलेली.

"खंडोजीराव, हा तुमचा कागद. याची नक्कल घ्यायची, बँकेच्या पासबुकावरची सही जोडायची आणि एक प्रतिज्ञापत्र करायचं. त्या दिवशी टांग्यावर मीच होतो, अप्पांचं नाव मी सांगितलं, असं."

"नको."

"आत टाकतील म्हणून घाबरलात होय?" मूर्तींनी नाकावरचा रुमाल खाली केला. "अहो, जज्ज गेले, पोलीस गेला, तो दिवा सुद्धा गेला. कुणाला टाकणार आत?"

"त्याचं नाही सार." खंडोजीराव म्हणाले. "स्टँडवर जन्मभर सांगत आलो, अप्पांच्या बिल्ल्यावर डाग नाही. अप्पा दिवसा पण दिव्याची वात तपासायचे. आणि इथं काय लिहिलंय? सयाजीराव, गुन्हा कबूल. मेलेल्या बापाला मी गुन्हेगार केलं. हे मी चारचौघांत वाचून दाखवू?"

अक्का सरळ बोलणारी बाई. गोड बोलून काम काढायचं तिला जमत नाही, आणि ते बरंच आहे.

"मग डाग पुसा की. तुम्ही गप बसलात तर या पुस्तकात तो त्यांच्याच नावावर राहणार, मूर्ती सार रिटायर झाले तरी. तुम्ही बोललात तर तुमच्यावर येतो. बेचाळीस वर्षं बापाचं नाव उसनं वापरलंत. आता परत करा."

खंडोजीरावांनी चाबूक या काखेतून त्या काखेत घेतला. बाहेर झाडाखाली शेवंती खुरानं माती उकरत होती, तिच्या घुंगरांचा आवाज आत येत होता.

"कर टाईप," ते म्हणाले.

अक्कानं गोणपाट सोडलं. असलं काम शेजारच्या कॉम्प्युटरवर झालं असतं, पण तिनं मशीनच काढलं. रिबन वाळलेली होती, तिला तेलाचं बोट लावलं. खंडोजीराव सांगत गेले, ती ठोकत गेली. "माझे वडील सयाजीराव यांनी हयातीत दिव्याशिवाय टांगा कधीही चालवला नाही," हे वाक्य प्रतिज्ञापत्राला लागत नव्हतं. त्यांनी सांगितलं, तिनं घातलं. एकही अक्षर चुकलं नाही.

शनिवारी कमिटीतल्या साहेबानं तिन्ही सह्या बघितल्या, डोकं खाजवलं आणि एक कोरा कागद पुढं सरकवला. "माझ्यासमोर करा बघू." खंडोजीरावांनी केली. साहेब हसला, पण बिल्ला दिला. नंबर बारा. स्टँडवर खंडोजीरावांनी स्वतःच सगळं सांगितलं. दोन दिवस पोरांनी त्यांना "सयाजीराव" म्हणून हाक मारून चिडवलं. तिसऱ्या दिवशी कंटाळले. शेवंती अजून अग्रहारात आहे. दसऱ्यात कानात कापूस.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण नकलेची एक प्रत अक्काच्या ड्रॉवरमध्ये राहिली होती. दिवाळीच्या आधी ड्रॉवर साफ करताना ती हाताला लागली. अक्कानं सहज तिचा फोटो काढला, आणि गाडीवाल्यांच्या फोटोवर फाकवते तशी दोन बोटं फाकवली. सापाच्या खाली, कडेला, बारीक कन्नडमध्ये लिहिलेलं होतं, "माझ्यासमोर सही केली." त्याखाली दोन रेघा. एक सरळ, एक जरा तिरकी.

ती तशीच उठून रेकॉर्ड रूममध्ये गेली. मूर्तींनी त्या वर्षीच्या नेमणुकांची यादी काढून दाखवली. त्या आठवड्यात त्या कोर्टात सह्या घ्यायला बसलेले कारकून नागोजीराव होते. मोडी वाचता येणारा अख्ख्या ऑफिसात तो एकच माणूस होता.