बांबूची येष्टी

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीने मला सुप्याच्या फाट्यावर उतरवले आणि धुळीचा लोट अंगावर सोडून ती निघून गेली. कोल्हापूरहून निघताना शेजारच्या काकूंनी हटकले होते, "दुष्काळात नगर जिल्ह्यात कोण जातं गं? सुट्टीत कोकणात जावं माणसानं." मला कोणी जाऊ नको म्हटले की हटकून जावेसे वाटते. शिवाय शांताने बोलावले होते. ट्रेनिंग कॉलेजात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेली ही माझी मैत्रीण आता पारनेर तालुक्यातल्या बोरदरा नावाच्या वाडीत शाळा चालवत होती.

फाट्यावर ती छत्री घेऊन उभीच होती. मी विचारले, "पुढची गाडी कधी आहे?"

"गाडी?" ती हसली. "तीच तर दाखवायला बोलावलंय तुला. आता चाल मुकाट्यानं."

उसाच्या हिरव्या रंगाची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना तो माळ बोचत होता. बाभळी, खडक, पुन्हा बाभळी. ओढ्यात वाळू तेवढी होती. मी कुरकुरत चालले होते. मग एक खिंड लागली आणि खिंडीपासून पुढे अगदी नवा, मुरूम टाकलेला रस्ता सुरू झाला. दुष्काळी कामावर बोरदऱ्याच्या बाया-माणसांनी खडी फोडून तो केला होता. डोक्यावर पदर घट्ट बांधलेल्या बाया कडेला बसून अजून खडी फोडत होत्या. एकीने मला विचारले, "कशी हाय आमची सडक?" तिला उत्तर नको होते, कौतुक हवे होते. मी ते मनापासून केले.

रस्ता झाला, पण एसटी नव्हती. गावापाशी एक आडवे वळण होते. एसटीचे साहेब मागे जीपने आले, वळणावर उतरले आणि "इथं मोठी गाडी बसत नाही" म्हणून परत गेले. गावाने पिच्छा सोडला नाही. शेवटी साहेबांनी कबूल केले की रिकामी गाडी आणून बघू, वळली तर ठीक, नाही तर विषय संपला. ती गाडी परवा येणार होती.

"म्हणून आम्ही आधीच गाडी आणली," शांता म्हणाली.

देवळापुढे ती गाडी उभी होती. बांबूंची लांबच लांब चौकट, आडवे वासे बांधलेली, वर टपाच्या उंचीला दोन कामट्या. रस्त्याच्या कामावरचे मुकादम सोपाननाना यांची ही करामत. पारनेरच्या स्टँडवर जाऊन त्यांनी विहिरीच्या दोराने खऱ्या एसटीची लांबी-रुंदी मापली आणि दोराला गाठी मारून आणल्या.

"ड्रायव्हर म्हनला, गाडी बांधून न्यायचीय का काय?" नाना सांगत होते. "मी म्हनलो, व्हय, दावं आनलंय."

कल्पना अशी की गावकऱ्यांनी ही चौकट खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत जायचे आणि यायचे. कुठे फांदी अडते, कुठे दगड लागतो, ते आधीच बघायचे. बाभळीच्या फांद्या तोडून झाल्या होत्या, ओढ्यातला चढ सपाट झाला होता. जी गाडी अजून आलीच नव्हती, तिच्यापुढचा एकेक अडथळा ही माणसे दूर करत होती. मला हसूही येत होते आणि त्यांचे कौतुकही वाटत होते.

संध्याकाळी फेरी निघाली. पुढे नाना, हातात चाळणीची कडी, तेच स्टिअरिंग. शांताकडे शाळेची घंटा, ती कंडक्टर. चौकटीच्या आत उतारू म्हणून पोरे आणि म्हाताऱ्या चालत होत्या. पुढच्या 'सीट'वर भागीरथीआजी आणि तिची नात हिरा. हिरा सातवी पास झाली होती. हायस्कूल पारनेरला. आजीने स्पष्ट सांगून ठेवले होते, "येष्टी आली तर जाईल. त्या खिंडीतनं तरन्या पोरीला चालत न्हाई धाडायची. न्हाई आली तर उजवून टाकू." हिरा रोज सकाळी वळणापर्यंत जाऊन रस्ता तेवढा बघून येई.

गंमत म्हणजे वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर शेत होते ते आजीचेच, आणि तिथला ताल (दगडी बांध) तिच्या नवऱ्याने स्वतः रचलेला. तो मागे सरकवू म्हटल्यावर आजीने साफ नकार दिला होता. "मालकांचा हात लागलाय त्याला. अन् मानसं वळत्यात तर गाडी न वळाया काय झालं?"

मलाही चौकटीचा मागचा कोपरा खांद्यावर मिळाला. पाहुणी म्हणून मान. वळण आले. नानांनी कडी फिरवली, पुढचे लोक वळले आणि मागचे आम्ही ताल चुकवायला भराभर आडवे बाहेरच्या बाजूला पळालो. बाकीच्यांना सवय होती. मी सरळ रस्त्याकडेच्या चरात.

"वळली! बसतीय गाडी!" पुढे आरोळी झाली. इकडे माझी चप्पल मातीत आणि कोपर सोललेले. माझे डोके फिरले. चरातूनच मी ओरडले, "अहो, एसटी अशी आडवी पळते का? तिला मागं चाकं असतात की पाय?"

नानांनी हातातल्या कडीकडे पाहिले, मग मागच्या लोकांच्या पायांकडे. "आयला," ते हळूच म्हणाले. "आमी पायांवर वळलो की."

त्या रात्री शांताकडे जेवायला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, रश्श्यात शिजवलेल्या) आणि मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, भाकरी होती. भाकरी घशाखाली उतरेना, शेंगोळे मात्र मी दोनदा मागून घेतले. गावाचा आनंद आपण घालवला असे वाटून मला चुटपुट लागली होती. शांता म्हणाली, "परवा साहेबांसमोर कळलं असतं तर बरं झालं असतं का? खा गुपचूप."

सकाळी उठून पाहते तो चौकटीला चाके. पुढचे टोक नानांच्या बैलगाडीवर टेकवलेले आणि मागच्या बाजूला दुसऱ्या गाडीचा आख चाकांसकट आवळलेला. आता आडवे पळायची सोय उरली नव्हती. आजी आणि हिरा पुन्हा पुढे बसल्या, या वेळी खरोखरच बसल्या. घंटा वाजली, बैल निघाले, अख्खा गाव मागून.

वळणावर बैल वळले, पुढची गाडी वळली. मागचे आतले चाक मात्र कोपरा कापत तालाला धडकले, एका दगडावर चढले आणि तिथेच अडकले. बांबू करकरले. नानांनी बैल मागे घेऊन पुन्हा बाहेरून आणले. पुन्हा तेच. बाहेर दरड होती, त्याहून पलीकडे जाता येत नव्हते.

कोणीही आजीकडे पाहिले नाही. गावाचे हे वागणे मला फार आवडले. नाना बैलांचे जू उगाच नीट करत राहिले. हिरा मान खाली घालून बसली होती.

आजी खाली उतरली. चाकापाशी गेली आणि चाक चढलेल्या दगडावर तिने हात ठेवला. मग म्हणाली, "सोपाना, मालक असते तर काय म्हनले असते?"

"काय म्हनले असते, आजी?"

"म्हनले असते, म्या रचलाय, मला मोडता येतोय." तिने पदर खोचला. "पर दगूड कुनी फेकायचा न्हाई. मागं सरकवून हाय तस्साच रचायचा. तळाचा तळाला, वरचा वर."

पहिला दगड तिनेच उचलला. मग सगळे भिडले. हातोहात दगड जात होते आणि आजी प्रत्येकाला जागा दाखवत होती. मी रचलेला दगड तिने दोनदा परत काढायला लावला. कोल्हापूरच्या बाईला दगड रचता येत नाही, हे तिने चारचौघांत जाहीर केले. दिवस मावळायच्या आत ताल मागे सरकला. बैल जुंपले, घंटा वाजली आणि बांबूची येष्टी दगडाला न शिवता वळणातून सरळ बाहेर आली. नानांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खरी गाडी आली. लाल, रिकामी, पुढे साहेब. मी खिंडीच्या तोंडाशीच तिच्यात चढले, परतायचेही त्याच गाडीने होते. वळण जवळ आले तसे मी समोरचा दांडा घट्ट धरला. ड्रायव्हरने चाक फिरवले, गाडी वळली. साहेब मागे वळून म्हणाले, "बसते की! मागं आलो तेव्हा कसं दिसलं नाही?" गाव फक्त ताठ उभा होता. पुढच्या सोमवारपासून गाडी सुरू, असे साहेबांनी देवळापुढे जाहीर केले तेव्हा शांताने शाळेची घंटा इतकी बडवली की कोणाला काही ऐकू येईना.

परतताना मी खिडकीशी बसले. वळणावर नव्या तालापाशी आजी आणि हिरा उभ्या होत्या. आजीने हात वर केला. ड्रायव्हरने करकचून गाडी थांबवली.

"कुठं जायचंय, आजी?"

"कुटंच न्हाई," आजी म्हणाली. "हात केल्याव थांबतीय का बघितलं. सोमवारपास्नं माझी नात हुबी ऱ्हाईल हितं."

कोल्हापूरला पोचल्यावर काकूंनी विचारले, काय पाहिलंस गं त्या माळावर? मी म्हटले, एसटी पाहिली. त्यांना वाटले मी थट्टा करतेय. पण खरे सांगते, तशी गाडी मी दुसरी पाहिलेली नाही, आणि तिचा मागचा कोपरा माझ्याही खांद्यावर होता.