धुतलेली काच

निजामाच्या अमलात आदिलाबादेत, कचेरीच्या रस्त्यावर माझे फोटोचे दुकान होते. रोज सकाळी कामांची यादी करायची आणि संध्याकाळपर्यंत एकेक ओळ खोडायची, ही माझी शिस्त. दर सहा महिन्यांनी यादीत एक ओळ हमखास असे: जुन्या काचा धुणे. फोटो तेव्हा काचेवर उतरत. महायुद्धामुळे नवी काच मिळत नव्हती. गिऱ्हाईक कागदावरचा छाप घेऊन गेले की काही महिन्यांनी ती काच गरम पाण्यात घालून साफ करायची आणि तसबिरीला लावायची.

एका दिवाळीनंतर जवळच्या मावला गावची एक बाई लग्न झालेल्या लेकीला घेऊन आली. लेक विशीची, तोंडभर देवीचे वण. खुर्चीवर बसवून मी तिचे तोंड सावलीकडे वळवले. तिने ते परत खिडकीकडे केले. पुन्हा वळवले, पुन्हा तेच. मला वाटले, हिला कळत नाही. नंतर काचेवर बारीक पेन्सिल चालवून मी तिचा एकूणएक वण बुजवला. तासभर खपलो. कोणी सांगितले नव्हते. तिचे भलेच करतोय असे वाटत होते. छाप जावई येऊन घेऊन गेला.

दीड वर्षाने ती आई एकटी आली. लेक पटकीने गेली होती. सासरहून आणलेला फोटो तिने टेबलावर ठेवला.

"ही कोन हाये, दादा?"

"तुमचीच लेक."

"माही लेक? साबण लावून घासली काय तुमी तिले? नात दहा महिन्यांची हाये माह्याजवळ. उद्या माय कशी होती म्हनून विचारलं, तं हे दाखवू? अशी गुळगुळीत बाई आमच्या घरात कदी नव्हती. पुसलं तसं परत आना."

खरे तर काम दोन मिनिटांचे. काचेवरची पेन्सिल टर्पेंटाइनच्या बोळ्याने निघते, खाली खरा चेहरा तसाच असतो. मी काचांच्या नोंदीची वही उघडली. तिच्या क्रमांकापुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते: धुतली.

ते सांगितले तरी ती उठली नाही. "मंग हातानं काढा. मी सांगते."

स्वतःच्या गालावर बोट टेकवून ती एकेक जागा दाखवू लागली. मी कुंचल्याने छापावर ठिपके देत गेलो. डोळ्याखाली दोन. नाकाशी एक खोल. हनुवटीवर तीन, अगदी जवळजवळ. डावी बाजू झाली. उजव्या गालावर मात्र तिचे बोट नुसते फिरत राहिले.

"इकडचे काऊन आठवून नाही राह्यले?" तिने मलाच विचारले.

मीही तो चेहरा तासभर डोळ्यांजवळ धरला होता. मला एकही वण आठवत नव्हता.

अर्धी लेक पदरात गुंडाळून ती गेली.

आता पेन्सिल उचलण्याआधी मी माणसाला विचारतो. पण अंधाऱ्या खोलीत काच औषधात हलवताना, समोर बसून गेलेले माणूस कोणीही असो, उजवा गाल उमटू लागला की माझा हात थांबतो.