आईचा रोज

एम.कॉम.ला मी अकाउंटिंग अँड फायनान्शिअल मॅनेजमेंट घेतलं, तेव्हा घरात त्यावर फारशी चर्चा झाली नाही. वडील एवढंच म्हणाले, "नापास होऊ नको म्हंजे झालं." मखमलाबादच्या पुढे आमची दोन एकर जमीन आहे. तीत झेंडू, शेवंती आणि थोडा भाजीपाला असतो. मी सकाळी सिटी बसनं कॉलेजला जायची आणि दुपारी परत येऊन तोडणीला हात लावायची.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा होता. वर्गातल्या बहुतेकांनी मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद निवडले, कारण ते इंटरनेटवर तयार मिळतात. खर्चलेखा शिकवणाऱ्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुमची फुलशेती आहे ना? मग झेंडूच्या एका हंगामाचा उत्पादनखर्च काढ. पण पूर्ण काढ. घरच्या माणसांचं कामही धर. त्याचे पैसे खिशातून जात नाहीत, पण तेच काम बाहेरच्याकडून करून घेतलं असतं तर जे द्यावं लागलं असतं, तो खर्चच आहे."

ही व्याख्या मी परीक्षेत कितीदा तरी लिहिली होती. आता ती आईला लावायची होती.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते, तोडणी जोरात होती. मी वही घेऊन आईच्या मागे फिरू लागले. ती किती वाजता शेतात उतरली, किती वाजता कॅरेट भरायला बसली, सगळं लिहायचं. पहिल्या दिवशी तिला हसू आलं. तोडणीच्या बायकांना ती म्हणाली, "आमची साहेबीण आली बघा." दुसऱ्या दिवशी चहा झाला तशी ती लगेच उठली. एरवी चहानंतर ती बांधावर पाय पसरून घटकाभर बसायची.

"बस की जरा," मी म्हटलं.

"नको. तू लिहिशील, बसली होती म्हणून."

मी वही मिटली. पुढचे दिवस मी नुसती बघत राहिले आणि घरी आल्यावर आठवून लिहिलं. पण त्या आठवड्यात ती पुन्हा काही बांधावर बसली नाही.

हंगाम संपल्यावर मी तक्ता पूर्ण केला. रोपं, खत, औषधं, टेम्पोचं भाडं, बायकांची मजुरी, सगळं वजा जाऊन बऱ्यापैकी नफा दिसत होता. आईवडिलांची मजुरी धरली आणि तो गेला. थोडासा का होईना, पण तोटा आला. तीन वेळा बेरीज तपासली, आणि रात्रीच्या जेवणाआधी तो कागद वडिलांपुढे ठेवला.

"हे कसं काय?" ते म्हणाले. "दसऱ्याला पैसे आले होते की हातात."

"तुमची आणि आईची मजुरी धरली ना, म्हणून."

"घरच्यांची मजुरी कोण धरतं गं?"

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिथूनच तिनं विचारलं, "म्हंजे माझ्यामुळं तोटा झाला का?"

नाही, उलट तू फुकट राबतेस म्हणून नफा दिसतो, असं मी तिला समजावू लागले. तिनं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा रोज किती धरलास?"

"बायकांचा आहे तोच."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात टाकली. जेवणं झाल्यावर, मी ताटं उचलत असताना तिनं पुन्हा विषय काढला. "त्या बाया पाचला घरी जात्यात. कोणतं फूल आज तोडायचं अन् कोणतं उद्यावर ठेवायचं, ते त्यांना कोण सांगतं?"

"तू."

"बाजारात भाव पडला तर माल द्यायचा का माघारी आणायचा, ते कोण ठरवतं?"

मी वडिलांकडे बघितलं. ते रोज पहाटे टेम्पोबरोबर पंचवटीतल्या फुलबाजारात जातात आणि तिथून घरी फोन करतात. तो फोन मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण तो कशासाठी असतो, हे मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

वडील म्हणाले, "तीच ठरवती. मला दम निघत नाय. मी सरळ देऊन मोकळा होतो."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मग देखरेख करणाऱ्याला बाहेर काय पगार मिळतो, ते बघ आणि तो धर." आमच्या वाटेवर गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. तिथल्या सुपरवायझरचा पगार विचारून आले आणि तो आईच्या नावापुढे लिहिला. तोटा आणखी वाढला. मला मात्र तो तक्ता आता खरा वाटत होता.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर सर आले होते. पानं उलटता उलटता ते थांबले. "आईला सुपरवायझर दाखवलंय. शिक्षण किती त्यांचं?"

"चौथी, सर."

"आणि नेमणुकीचं पत्र?"

मागे बसलेल्यांपैकी दोघं-तिघं हसले. मी घडाघडा बोलत सुटले. दसऱ्याच्या दोन दिवस आधी भाव कसा पडला होता, आईनं फोनवर अर्धा माल माघारी आणायला कसा सांगितला, ओल्या गोणपाटाखाली तो कसा राखला आणि दुसऱ्या दिवशी त्याला किती चांगला भाव आला. सरांनी मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "हे प्रकल्पात कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. मी फक्त आकडा लिहिला होता.

"आकड्याच्या मागे काय आहे, ते लिहायचं असतं, बाळ. नाहीतर तो आकडा मी का मानावा?"

मला त्यांचा राग आला होता, पण त्यांचं बोलणं खोडता येत नव्हतं. गुण बेताचेच मिळाले. घरी आल्यावर हसण्याचा भाग वगळून मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चौथी कुठली? तिसरीतूनच काढलं मला."

पुढच्या हंगामात तिनं एक बाई जास्त लावली आणि बुधवारी शेतात जायचं बंद केलं. "पोरगी शिकली अन् माझा खर्च वाढला," असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, निम्मं हसत आणि निम्मं खरंच. पहिल्या बुधवारी आईला काय करावं ते सुचेना. दहा वाजेपर्यंत घर दोनदा झाडून झालं. मग बसनं सायखेड्याला बहिणीकडे गेली आणि संध्याकाळी हिरव्या बांगड्या भरून आली.

आता मी एका सीएच्या ऑफिसात काम करते. छोट्या दुकानदारांचे हिशोब माझ्याकडे येतात. मागच्या महिन्यात एका किराणा दुकानदाराला मी विचारलं, गल्ल्यावर दिवसभर वहिनी बसतात, त्यांचा पगार कुठे दाखवलाय? तो मोठ्यानं हसला. त्याची बायको शेजारच्याच खुर्चीत होती. ती हसली नाही. जाताना दारापाशी थांबून तिनं मला हळूच विचारलं, "मॅडम, किती धरता येईल?"