नारळ फ्लँजवर नाही

चाकणच्या आमच्या वर्कशॉपमधून मोठं मशीन बाहेर पडताना नारळ फुटतो. ट्रेलरच्या चाकाखाली लिंबू, मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक आणि मालकांच्या हातचा नारळ, तोही मशीनच्याच अंगावर. आम्ही बौद्ध. वडील पिंपरीत फौंड्रीत होते, पूजेच्या वेळी ते गुपचूप बाजूला उभे राहायचे. मीही इथे तेच करत आले. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या दिवशी मात्र बिघडणार होतं. जाणारं मशीन समुद्राच्या तळाशी बसायचं होतं. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, दाबून द्रवरूप करायचा, पाइपातून खोल समुद्रात न्यायचा आणि तिथेच तळाखाली कोंडायचा, असा तो प्रयोग. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आपल्या घरातला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात!" पण पाइप आणि मशीन जिथे जुळतात ती पोलादी फ्लँज मी स्वतः तपासली होती. तिच्या तोंडावर एक गोल खाच असते, तिच्यात सीलची कडी बसते. खाचेला बारीक ओरखडा जरी पडला तरी गॅस निसटणार, आणि तेवढ्या खोल पाण्यात पाना घेऊन कोण उतरणार आहे? समुद्रात कोंडणं बरोबर की चूक, ते शहाण्यांनी ठरवावं. गळती माझ्या जोडातून होणार नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. फोटो चांगला यावा म्हणून कुणीतरी हौसेने फ्लँजवरचं प्लास्टिकचं झाकण काढलं. मालक नारळ उचलून पुढे आले, नेम थेट खाचेवर. मी जाऊन मध्ये उभी राहिले.

"सर, इथे नको. खाच खराब होईल."

"अहो मॅडम, नारळाने कधी पोलाद फुटतं का?"

"फुटत नाही. पण नारळाला खालची वाळू चिकटलीय. तिने ओरखडा पडेल."

मालकांचा हात तसाच वर. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमच्यात चालत नाही, माहितीये आम्हाला. म्हणून आम्हीही करायचं नाही का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं मी मोजमापाबद्दल बोलले की ते इंजिनिअरचं बोलणं असायचं. आज एका नारळापायी ते जातीचं झालं. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण आत्ता बाजूला सरले तर यापुढे माझ्या प्रत्येक 'नको'चा हाच अर्थ लावला जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"माझ्यात काय चालतं ते माझ्या घरी," मी म्हणाले. "इथे गळकं मशीन चालत नाही. पूजा करा ना, मी कुठे अडवतेय? फ्लँजवर नारळ फुटणार नाही."

शेवटी ट्रेलरचा ड्रायव्हर वैतागून ओरडला, "ओ शेठ, चाकावर फोडा की! लांब जायचंय ते त्यालाच हाय, मशीन काय, बसूनच जानार!"

सगळे हसले. मालकांनी माझ्याकडे न बघता नारळ चाकावर आपटला. मी झाकण घट्ट लावलं.

मग खोबऱ्याचं ताट फिरलं. स्टोअरमधले एक काका वाटत होते. ते माझ्यापाशी आले आणि नेहमीसारखे न थांबता पुढे गेले. कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, फार वाटलं.

"काका, मला विचारलं नाहीत."

ते गोंधळले. "तुम्ही घेत नाही ना ताई, म्हणून..."

"नको म्हणायचं ते मी म्हणेन. तुम्ही आधी विचारा."

ते मालकांकडे बघत राहिले. मालक मोबाइलमध्ये बघत राहिले. काका ताट घेऊन परत आले.

"खोबरं घेता का, ताई?"

"नको," मी म्हणाले.