रोजा कशावर सोडता?

मुन्शी इमामुद्दीन यांना नवा माणूस भेटला की ते त्याचे गाव विचारीत नसत, जातही विचारीत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "तुमच्या घरी रोजा कशावर सोडतात?" समोरचा मुसलमान नसला, तर रोजाच्या जागी एकादशी किंवा सोमवार येई, बाकी प्रश्न तोच. सोलापूरच्या हायस्कुलात मी भूगोल शिकवण्यासाठी रुजू झालो, त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारले, "मास्तर, तुमच्या घरी एकादशी कशावर सोडतात?"

मी सांगितले, "द्वादशीला वरणभात, वर लिंबू. आणि हादग्याच्या फुलांची भाजी."

"म्हणजे आईच्या परसात हादगा आहे की! आणि परसाला पाणी आहे."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माझ्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहून ते म्हणाले, "गाव विचारलं तर माणूस तालुक्याचं नाव सांगतो. उपास कशावर सोडता विचारलं, की आईचं घर सांगतो."

मुन्शीजी फारसी शिकवीत. त्या काळी संस्कृतऐवजी फारसी घेण्याची मुभा होती, त्यामुळे त्यांच्या वर्गात बागवानांच्या मुलांशेजारी कुलकर्ण्यांची मुलेही बसत. अंगाने ते किरकोळ होते. काळी शेरवानी खडूच्या धुळीने नेहमी कोपरापाशी पांढरी झालेली असे. शिकवताना ते आवाज चढवीत नसत. एखाद्या मुलाने पाठ केला नसला तर "बेटा, आज उपाशीच आलास?" एवढेच विचारीत, आणि मुलगा खाली बसे.

रमजानच्या महिन्यात मात्र त्यांच्या चालण्याला वेग येई. संध्याकाळी खजुराची पुडी घेऊन ते मोहल्ल्यातील मशिदीकडे निघत. मीही पुष्कळदा सोबत जाई. मशिदीच्या ओट्यावर दस्तरखान, म्हणजे जेवणाची लांब चादर, अंथरलेला असे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रोजेदार बसत. सूर्य मावळून अजान झाली की सर्वजण प्रथम खजूर किंवा पाणी घेत. तेथवर सगळे सारखे. त्यानंतर ज्याच्या त्याच्या घरून आलेली ताटे उघडत, आणि भूगोलाच्या शिक्षकाने पाहावे असे दृश्य दिसे. दख्खनी घरांतून भिजवलेली हरभऱ्याची डाळ येई, मीठ-लिंबू लावलेली. उत्तर हिंदुस्थानच्या पूरबेकडून येऊन येथे माग चालवणाऱ्या विणकरांच्या ताटात कांदा-मिरचीवर परतलेले काळे हरभरे असत. त्याला ते घुगनी म्हणत. पठाण रश्श्यात रोटी कुस्करून खात. नव्या पेठेत लोखंडी सामानाचे दुकान असलेले फिदाअली शेठ बोहरी होते. त्यांची मशीद निराळी आणि चाल निराळी. त्यांच्याकडे आधी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवीत आणि मग बाकीचे. मुन्शीजींना हे सर्व ठाऊक होते आणि ज्याच्या त्याच्या ताटातला एक घास त्यांना मिळे. स्वतःच्या घरचे ताट ते चादरीच्या मध्यावर ठेवून देत आणि पुन्हा त्याकडे पाहत नसत.

मी सोवळ्याच्या घरातला. तेथे शिजलेले अन्न घेत नसे. त्यांनी कधी आग्रह केला नाही. माझ्यासाठी ते केळे आणून ठेवीत आणि ते सालीसकट हातात देत. साल स्वतः काढून द्यावी, असा स्नेहाचा मोह त्यांना एकदाही झाला नाही. याला मी मोठी सभ्यता समजतो.

पुढे त्यांच्या पोटात व्रण झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की पोट रिकामे ठेवायचे नाही, दर थोड्या वेळाने दूध घ्यायचे, रोजे बंद. त्या वर्षी रमजान थंडीत आला. महिना सुरू झाला त्या सकाळी मुन्शीजी माझ्या नकाशांच्या खोलीत आले आणि दुधाची बाटली त्यांनी आशिया खंडाच्या गुंडाळीमागे ठेवली. तासांच्या मधल्या वेळात ते येत, भिंतीकडे तोंड करून दोन घोट घेत, ओठ पुसत आणि वर्गावर जात. त्यांच्या वर्गातल्या काही मुलांचे रोजे असत. त्यांच्यासमोर पिणे त्यांना शक्य नव्हते.

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे त्यांच्या दाराशी गेलो. ते उठले नाहीत.

"मशिदीत नाही यायचं?"

"नमाजाला जाईन की. दस्तरखानावर बसणार नाही."

"पण आजारी माणसाला धर्मानं सूट दिली आहे, असं तुम्हीच सांगितलंत."

"दिली आहे. धर्म मला माफ करतो, मास्तर. पण ती चादर रोजेदारांची. दिवसा दूध प्यायलेल्या माणसानं संध्याकाळी तिथला खजूर उचलावा, हे माझ्या हाताला जमत नाही." मग ते म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना विचारत आलो, कशावर सोडता? आता कोणी उलट विचारलं तर काय सांगू? धरलाच नाही, तर सोडू काय?"

ज्या माणसाची सारी ओळखदेख त्या एका चादरीवर झालेली होती, तो त्या चादरीवरून स्वतःहून उठला होता. आजारापेक्षा हे त्यांना अधिक लागले होते.

ज्याला रोजा धरणे शक्य नाही, त्याने प्रत्येक रोजाबद्दल एका गरजू माणसाला जेवू घालावे, असा त्यांच्या धर्मात नियम आहे. त्याला फिदया म्हणतात. बहुतेक लोक धान्य देऊन मोकळे होतात. मुन्शीजींनी तसे केले नाही. रोज एका परमुलखी गरीब माणसाला ते घरी बोलावू लागले. आदल्या दिवशी त्याला आपला प्रश्न विचारीत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईच्या घरी जे होई ते आपल्या घरी करवीत. अजान झाली की पाहुणा घराच्या ओट्यावर जेवी. मुन्शीजी खांद्यावर पंचा टाकून दाराच्या चौकटीला टेकून उभे राहत, वाढीत, हात धुवायला पाणी देत, बसत नसत. मी आपला केळे घेऊन बाजूच्या बाकावर.

या व्यवस्थेचा भार अर्थातच त्यांच्या पत्नी अमीनाबी यांच्यावर पडला. त्या पडद्याआड असत, पण त्यांचा आवाज पडदा पाळीत नसे.

"मास्तरजी, तुमीच सांगा इनकू!" त्या आतून म्हणाल्या. "रोजे इनके छूटे, चूल्हा मेरा कहाँ छूटा? कल पठान का शोरवा, आज पूरबी की घुगनी. मेरे घर में हिंदुस्तान का नक्शा पक रा!"

"नक्शा मास्तरांचं काम," मुन्शीजी म्हणाले. "तू फक्त नमक बघ."

एकदा रत्नागिरीकडचा दाऊद नावाचा हमाल आला. बंदरावरचे काम सुटल्याने तो सोलापूरच्या स्टेशनावर ओझी वाहत होता. त्याने सांगितले, आमच्याकडे रोजाला सांदण लागते : तांदळाचे पीठ आंबवायचे, वाफवायचे, वर नारळाचे दूध. मुन्शीजींनी सांदण कधी पाहिले नव्हते. अमीनाबींनी शेजारच्या कानडी बाईंना विचारले. आंबवलेले आणि वाफवलेले म्हटल्यावर त्यांना जे सुचायचे तेच सुचले. त्यांनी उडदाची डाळ वाटून दिली, आपले साचे दिले, आणि दाऊदच्या पुढे पाच पांढऱ्या शुभ्र इडल्या आल्या, नारळाच्या गोड दुधात पोहणाऱ्या.

दाऊदने एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. मुन्शीजी चौकटीपाशी उभे.

"कसं झालंय, दाऊदभाई?"

"मुन्शीजी, खोटं नाय बोलायचो, रोजाचं तोंड हाय. ह्ये सांदण न्हवं." त्याने दुसरा तुकडा उचलला. "पण जिनं कुणी केलंय, तिच्या मनात सांदणच होतं. त्ये लागतंय जिभंला."

आतून अमीनाबी मोठ्याने हसल्या. दाऊदने पाचही संपवल्या आणि साचे धुऊन देण्याचा हट्ट धरला.

पाहुण्यांपैकी गुलखान हा गिरणीवरचा पठाण पहारेकरी. रात्रपाळी असल्याने तो घाईत जेवी, पण त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. तो दुसऱ्यांदा आला तेव्हा रोटी रश्श्यात कुस्करता कुस्करता त्याने वर पाहिले आणि म्हटले, "मुन्शी, तुम सबको पूछता है. तुम्हारे घर में रोजा काहे पर खुलता था? तुम्हारा माँ का घर?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मुन्शीजींना कोणी केलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी पंचा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"माँ मेरेकू याद नहीं, खानसाब," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, मलाही समजावे म्हणून, मराठीत बोलू लागले. त्यांना जन्म देऊन आई गेली. बापही फार दिवस राहिला नाही. दुधनीच्या मशिदीत तेथल्या मौलवींनी त्यांना वाढवले. रमजानात घराघरांतून मशिदीला ताटे येत. मौलवी ती सगळी एका मोठ्या परातीत उलटवीत. भात, डाळ, गोड, तिखट, रस्सा, शेवया, सर्व एकत्र. कोणाचे ताट भारी आणि कोणाचे हलके, हे कोणाला कळू नये, एवढाच हेतू. "त्या परातीत बोटं घालून मी शोधायचो," मुन्शीजी म्हणाले, "हा घास कोणत्या घरचा असेल. त्या घरात आई कशी असेल. तेव्हापासून ही विचारायची खोड लागली."

गिरणीचा भोंगा झाला तसा गुलखान उठला. जाताना त्याने मुन्शीजींचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि पायऱ्या उतरला.

महिन्याचा एकोणतिसावा दिवस आला. चंद्र दिसेल की नाही याची मोहल्ल्यात चर्चा चालली होती. मी ओट्यावर पोचलो तेव्हा तेथे एक पाहुणा नव्हता. महिनाभराचे आठ-दहा पाहुणे होते. प्रत्येकाच्या हातात काहीतरी झाकलेले. मध्ये एक पितळी परात होती. ती गुलखानने भाड्याने आणली असावी, कारण तिच्या काठावर भांडीवाल्याची खूण होती. अजान होण्याच्या आत एकेकाने आपले भांडे तिच्यात उलटवले. घुगनी पडली, तिच्यावर रश्श्यातली रोटी, तिच्यावर भिजवलेली डाळ. दाऊदने कोठून तरी खरे सांदण पैदा केले होते, तेही गेले. दृश्य म्हणून ते मुळीच सुंदर नव्हते.

"बैठो, मुन्शी," गुलखान म्हणाला.

"नहीं, खानसाब. मैं खिलाऊँगा. मेरा रोजा नहीं."

"अमारा है. तुम साथ बैठो."

"नक्को." मुन्शीजींचा आवाज नम्र होता, पण त्यांची पाठ चौकटीला चिकटलेलीच राहिली. अजानला थोडाच अवकाश होता, आणि त्या माणसाला कोणत्या शब्दाने बसवावे हे कोणालाच सुचत नव्हते.

एवढ्यात पायऱ्यांवर जरीच्या टोपीचे फिदाअली शेठ दिसले. हातात कागदाची लहानशी पुडी.

"वा! शेठ, तुमचं दुकान आज लवकर बंद?" मी विचारले.

"दुकान उघडेल कोण, मास्तरसाहेब? आमची तर ईद झाली आज."

बोहऱ्यांचा महिना गणिताने ठरलेला असतो. ते चंद्र दिसण्याची वाट पाहत नाहीत, आणि त्यांची ईद बहुधा इतरांच्या एक-दोन दिवस आधी होते. हे सर्वांना माहीत होते. त्या क्षणी मात्र कोणाच्या ध्यानात नव्हते. शेठनी एकवार परातीकडे पाहिले, एकवार चौकटीकडे, आणि काय चालले आहे ते त्यांना उमगले.

"मुन्शीजी, मी सकाळपासून चार वेळा शेवया खाल्ल्या," ते म्हणाले. "पोटावर हात ठेवून सांगतो, मला तुमच्याइतकासुद्धा रोजा नाही. आता ह्या एवढ्या रोजेदारांत मी एकटा बिनरोजाचा बसू? मारी लाज राखो. जोडीला कोणी तरी पाहिजे."

आतून अमीनाबींचा आवाज आला, "अब तो बैठो जी! मेहमान अकेला बैठेगा क्या?"

मुन्शीजी हसले. मग त्यांनी पंचा खांद्यावरून काढला, घडी केली, उंबऱ्यावर ठेवला आणि शेठच्या शेजारी मांडी घातली. अजान झाली. रोजेदारांनी खजूर घेतले. या दोघांनी रोजेदारांचे होईपर्यंत हात आवरून धरले आणि नंतर परातीत घातले. मुन्शीजींनी पहिला घास डोळे मिटून खाल्ला.

"कसं आहे?" मी विचारले.

"मीठ कमी आहे की."

"ते माझ्याजवळ आहे," शेठ म्हणाले आणि त्यांनी पुडी सोडली.

पुढचा रमजान मुन्शीजींना दिसला नाही. पावसाळ्यातच व्रणाने उचल खाल्ली आणि ते गेले. त्यांच्या जागी फारसीला नवे शिक्षक आले. नकाशांच्या खोलीतील आशियाच्या गुंडाळीमागे एक रिकामी बाटली निघाली. ती मी धुऊन अमीनाबींकडे पोचती केली.

रमजानच्या अखेरच्या दिवशी मी सवयीने त्या ओट्यावर गेलो. परात होती. गुलखान होता, दाऊद होता, आपली ईद आटोपून आलेले शेठही होते. त्यांच्यात लातूरकडून नुकताच आलेला एक तरुण विणकर होता. पंगतीची रीत त्याला ठाऊक नव्हती. उलटवलेल्या भांड्यांकडे तो गोंधळून पाहत राहिला आणि शेवटी पडद्याकडे तोंड करून त्याने विचारले, "खालाजी, आपके यहाँ रोजा काहे पे खोलते?"



"हमारे घर में?" अमीनाबी म्हणाल्या. "परात पे."