साडूभाऊंची खोटी माशी

आयुष्यात एकही मासा न पकडता मासेमारीतला अधिकारी पुरुष म्हणून ताठ मानेने वावरलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो नेमका आमच्या वाट्याला साडू म्हणून आला. साडू हे नातंच मुळात चमत्कारिक. दोन माणसांनी एकाच घरच्या दोन मुली पसंत केल्या, एवढ्या एका योगायोगावर ते जन्मभर उभं असतं. मी त्यांना साडूभाऊ म्हणायचो आणि तेही मला साडूभाऊच म्हणायचे. त्यामुळे आमचं संभाषण भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला एकच माणूस स्वतःशी बोलतो आहे असं वाटायचं. निम्म्याहून अधिक वेळा ते खरंही असायचं, कारण बोलायचे ते एकटेच.

त्यांचं घर नागपुरात महालात. भोसल्यांच्या काळात घराणं इकडे आलं तेव्हापासून त्या घरात कधी मासा शिरला नव्हता. अशा घरातला हा मुलगा मँगनीजच्या एका खाणीच्या कचेरीत नकाशे काढायला लागला आणि तिथला साहेब निघाला वेल्सचा. त्याला इंग्लंडचा म्हटलं की राग यायचा, आणि पुढेपुढे साडूभाऊंनाही येऊ लागला. साहेब एकोणीसशे साठच्या दशकात मायदेशी परतला तेव्हा आपल्या लाडक्या नकाशेवाल्याला त्याने तीन वस्तू दिल्या. तीन तुकड्यांची बांबूची लवचीक काठी, पितळेचं रीळ आणि वेल्समधल्या नद्यांवर ट्राउट आणि सामन हे मासे कसे धरावेत याचं एक जाडजूड पुस्तक. वर एक अटही घातली. मासा धरायचा तो फक्त खोट्या माशीने. म्हणजे गळाला पिसं आणि रेशीम गुंडाळून किड्यासारखं काहीतरी करायचं, ते पाण्यावर अलगद टाकायचं आणि मासा फसला तर फसला. "धरलास की मला पत्र लिही," असं साहेब म्हणाला आणि विमानात बसला.

झालं. त्या दिवसापासून आमच्या साडूभाऊंचं शरीर महालात आणि चित्त वेल्समध्ये राहू लागलं. नाग नदी कुठून कुठे जाते हे त्यांना धड सांगता आलं नसतं, पण टायवी, अस्क आणि डी या वेल्समधल्या नद्यांची वळणं त्यांना पाठ होती. कुठल्या वळणावर झाड वाकलंय आणि त्या झाडाखाली किती पाणी आहे हे ते जेवताना ताटातल्या वरणात बोट फिरवून दाखवायचे. सामन माशाबद्दल तर त्यांना भक्तिभावच होता. हा मासा समुद्रातून नदीत शिरला की अन्न सोडतो, अंडी घालेपर्यंत काही खात नाही, असं पुस्तकात होतं. "कडकडीत उपास, साडूभाऊ! आणि तरी तो माशीवर झडप घालतो. काहून घालतो, हे तिकडच्या मोठमोठ्यांना सांगता आलेलं नाही." मी म्हटलं, उपासाच्या दिवशी आमच्याही तोंडाला पाणी सुटतं, त्यात मोठमोठ्यांना विचारण्यासारखं काय आहे? त्यावर त्यांनी पुस्तक मिटून माझ्यापासून लांब ठेवलं.

माशी पाण्यावर अलगद टाकणं ही मोठी विद्या. ती साधावी म्हणून ते रोज सकाळी गच्चीवर उभे राहून हवेत दोर फेकायचे. पुढे, मागे, पुढे, मागे, आणि मग सूं करत लांब. एकदा वारा फिरला आणि गळ शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांच्या धोतरात अडकला. दुसरा कुणी असता तर त्याने हाक मारून माफी मागितली असती. साडूभाऊंनी पुस्तकातल्याप्रमाणे दोर ढील देत, आवळत, ते धोतर सगळ्या कुरडयांसकट पंधरा मिनिटं खेळवून आपल्या गच्चीवर आणलं. शेजारच्या काकू कठड्याशी येऊन ओरडत होत्या, आणि हे त्यांना शांतपणे सांगत होते, "घाई केली तर दोर तुटतो, काकू."

पिसांसाठी त्यांनी काय नाही केलं! वस्तीतला प्रत्येक कोंबडा त्यांना पाहिलं की दुसऱ्या आळीला जायचा. लग्नात लोक नवरीकडे बघत असताना हे तिच्या शालूच्या रेशमाची जात बघत. माझ्या मुलाच्या मुंजीत न्हाव्याने काढलेले केस त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून घेतले, तेव्हा आमच्या सासूबाईंनी हा जावई करणी वगैरे करतो की काय, असा संशय उघड बोलून दाखवला. साडूभाऊंनी मनाला लावून घेतलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी एक काळीभोर, डोक्याला लाल ठिपका असलेली, अंगाने फुगीर माशी बांधली आणि तिचं नाव ठेवलं 'सासूबाई'. ती फार लांब जायची, पण मासे तिला घाबरून असत.

दर उन्हाळ्यात, नदी उतरली आणि पाणी निवळलं की, रविवारी आम्ही एसटीने पारशिवनीला जायचो आणि तिथून पेंच नदीकाठी चालत. नदीला एक खोल डोह होता, त्याच्यावर मोठा उंबर ओणवा झालेला. त्या डोहात महाशीर जातीचे मासे होते, सोन्याच्या पत्र्यासारखे चकाकणारे, एकेक माणसाच्या हाताएवढा लांब. मी उंबराखाली सतरंजी टाकून आडवा व्हायचो. साडूभाऊ उंबराच्या फांदीला कोट अडकवायचे, लोकरीची टोपी कानावर ओढायचे आणि गुडघाभर पाण्यात शिरायचे. मे महिन्यात लोकरीची टोपी! पुस्तकात लिहिलं होतं, मे महिन्यात संध्याकाळी गारवा असतो, डोकं झाकावं. नागपूरच्या मे महिन्याने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. साडूभाऊंना दोनदा ऊन लागलं, पण टोपी सुटली नाही.

त्या काठावर डोमाजी म्हणून एक म्हातारा ढिवर असायचा. त्याच्या घरी बापजाद्यांपासून जाळं टाकून मासे धरायचं काम. तो पहिल्या दिवशी बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला आणि मग त्याने मला हळूच विचारलं, "हे बाबूजी काहून मासोळीले पिसं चारून राहिले जी? कणकीचा गोया लावा म्हणा ना गळाले. आत्ता येते मासोळी." मी तो निरोप पोचवला. साडूभाऊ पाण्यातूनच गरजले, "कणकेने धरलेला मासा म्हणजे गाइड वाचून पास झालेला पोरगा! नको!"

अशी दहा वर्षं गेली. गंमत म्हणून मी हे सांगतो आहे, पण त्यांच्यापुरती ती गंमत नव्हती. दरवर्षी नाताळात साहेबाचं पत्र यायचं. आपण यंदा कुठल्या नदीवर केवढा सामन धरला हे लिहून शेवटी एकच ओळ असायची, तुझं काय? आणि साडूभाऊ टेबलाशी बसून, अक्षर वळणदार काढत, उत्तर लिहायचे, अजून नाही. एकदा डोमाजीला त्यांची दया आली. त्याने जाळ्यातला एक जिवंत महाशीर दोन्ही हातांत धरून आणला आणि म्हणाला, "घ्या बाबूजी, अडकवा तुमच्या गळाले आन् लिहून टाका सायबाले. कोन पाह्यते गा?" साडूभाऊंनी तो मासा हळूच पाण्यात सोडायला लावला. परत येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की या माणसाला आतून किती लागलेलं आहे. पत्रात खोटं लिहिणं किती सोपं होतं! ते त्यांना जमत नव्हतं, आणि खरं लिहावं असं काही घडत नव्हतं.

अकराव्या उन्हाळ्यात बातमी आली की खालच्या अंगाला धरण बांधून होत आलं आहे, या पावसाळ्यात पाणी अडणार आणि डोह बुडणार. आता मासा मिळाला तर याच मे महिन्यात, नाहीतर कधीच नाही. साडूभाऊंनी सगळ्या माशा उन्हाला ठेवल्या आणि एकामागून एक तीन रविवार रिकाम्या हाताने परत आले. वेल्समध्ये पाऊस पडला की नाही हेही ते विचारीनासे झाले.

चौथ्या रविवारी ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, म्हणाली, "मी पण येते." अकरा वर्षांत ती एकदाही आली नव्हती. नदीवरून आलेल्या नवऱ्याला अंगणातल्या नळाखाली न्हायला लावल्याशिवाय तिने कधी घरात घेतलं नव्हतं. ती आली, उंबराखाली डबा ठेवला, पिशवीतून नातवासाठी घेतलेलं विणकाम काढलं आणि पाण्याकडे तोंड करून बसली. साडूभाऊ पलीकडे माशीमागून माशी टाकत होते. मार्च महिन्याची माशी, एप्रिलची माशी, सासूबाई. तास गेला, दोन तास गेले. आणि सुया न थांबवता ताई म्हणाली,

"अहो, तुम्ही तिकडे हवेत चाबूक मारून राहिले, आणि मासे तर इकडे उंबरं खाऊन राहिलेत."

मी उठून बसलो. वरून एक पिकलं उंबर पडलं. डुबुक. पाण्याला भोवरा आला, तांबूस सोनेरी पाठ एकदा चमकली आणि उंबर नाहीसं झालं. थोड्या वेळाने दुसरं. डुबुक, आणि पुन्हा भोवरा. अकरा उन्हाळे आम्ही त्या झाडाखाली बसलो होतो. मी तर त्या डुबुक आवाजावर छान झोपत असे. साडूभाऊ त्याच झाडाला कोट टांगून वेल्समधले किडे टाकत होते, आणि नदीतला मासा मजेत फळं खात होता.

साडूभाऊ पाण्यातून बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. ताईच्या चेहऱ्यावर मात्र सात पिढ्यांचं समाधान होतं. "म्हणजे तुमचे मासे शाकाहारी आहेत," ती म्हणाली. "उगाच मी इतकी वर्षं तुम्हाला नळाखाली बसवलं."

"लोकर," साडूभाऊ म्हणाले. "ती लोकर दे."

ताईने विणकामातल्या गर्द तांबड्या लोकरीचा हातभर धागा दातांनी तोडून दिला. साडूभाऊ तिथेच सतरंजीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी गळावर एक गोल, गुबगुबीत उंबर बांधलं. ताईने ते हातात घेऊन निरखलं आणि "थोडं चपटं करा, पिकलेलं बसकं असते," अशी सुधारणा सुचवली. ती त्यांनी मुकाट्याने केली. घरातली तिची दुसरी कुठलीही सूचना इतक्या लवकर अमलात आलेली मी पाहिली नव्हती.

पण खरी अडचण पुढेच होती. अकरा वर्षं त्यांनी माशी अलगद टाकायला शिकण्यात घालवली होती, आणि उंबर तर धपकन पडायला हवं. पहिल्यांदा हात सवयीने वळला आणि लोकरीचं उंबर पिसासारखं तरंगत उतरलं. माशांनी ढुंकून पाहिलं नाही. "पाडा हो!" ताई ओरडली. "झाडावरून पडते तसं पाडा!" साडूभाऊंनी डोळे मिटले, सगळी विद्या बाजूला ठेवली आणि शेजारच्या पोरानेही टाकला नसता इतका गचाळ दोर टाकला.

डुबुक.

मग जे झालं ते सगळ्या नदीने ऐकलं. पितळेचं रीळ, जे आजवर फक्त कुरडया ओढताना फिरलं होतं, ते किंचाळत सुटलं. काठीची कमान झाली. साडूभाऊ छातीभर पाण्यात गेले, टोपी वाहून गेली, मी काठावर नाचत होतो आणि ताई एकदा "धरा!" आणि एकदा "सोडा त्याला, मरेल तो!" असं आळीपाळीने ओरडत होती. पलीकडून डोमाजी जाळं घेऊन धावत आला. "जाया टाकू का बाबूजी?" "खबरदार!" साडूभाऊ ओरडले, आणि पाऊण तास त्या माशाशी झगडत राहिले. ढील, आवळ, ढील, आवळ. शेवटी मासा थकून उथळ पाण्यात आडवा झाला तेव्हा साडूभाऊही त्याच्याशेजारी मटकन बसले. बंद्या रुपयाएवढे खवले, एकेकाला सोनेरी कड. डोमाजीने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "जिंकले बाबूजी! पिसावाल्यानं महाशीर आनला!" माझ्यासारख्या शांत, मध्यमवयीन माणसाने त्या नदीकाठी अक्षरशः बोंब ठोकली.

ताई पाण्यात उतरली. लुगडं भिजलं तरी उतरली. तिने एक बोट माशाच्या पाठीवर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "किती देखणी आहे हो ही मासोळी." साडूभाऊंनी गळ काढला, माशाचं तोंड प्रवाहाकडे धरलं आणि श्वास भरू दिला. डोमाजीला राहवलं नाही. "काहून सोडता जी? चार घरं जेवतीन." साडूभाऊ त्याच्याकडे बघून हसले. "जाऊ दे गा डोमाजी. आज नको." शेपटीचा एक फटकारा बसला, आमच्या सगळ्यांच्या तोंडावर पाणी उडालं आणि डोह पुन्हा शांत झाला.

पत्र त्याच आठवड्यात गेलं. सोबत डोहाचा नकाशा आणि लोकरीचं एक उंबर. साहेबाचं उत्तर यायला नाताळ लागला नाही. त्यात लिहिलं होतं की इतकी वर्षं तू माझं पुस्तक वाचत होतास, आता मला तुझी नदी वाचावीशी वाटते. साडूभाऊंनी ते पत्र मला वाचून दाखवलं, मग ताईला, मग शेजारच्या काकूंना, आणि काकूंनी कुरडया तळून दिल्या.

पाऊस यायला अजून दोन रविवार होते. पुढच्या रविवारी ते मला घ्यायला आले तेव्हा हातात काठी नव्हती. मी विचारलं, विसरलात काय? "नाही," ते म्हणाले. "आता ओळख झाली ना, साडूभाऊ. ओळखीच्याकडे गळ घेऊन कोण जाते?" आम्ही उंबराखाली बसलो. पडलेली उंबरं ते वेचायचे आणि एकेक करून पाण्यात टाकायचे. भोवरा आला की माझ्याकडे बघायचे.

दुसऱ्या वर्षी त्या जागी नजर पोचेल तिथवर पाणी होतं. उंबर कुठे होता, डोह कुठे होता, काही कळेना. साडूभाऊ बंधाऱ्यावर बराच वेळ उभे राहिले. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, आता तर माशांना केवढी मोठी जागा झाली.

"हो," ते म्हणाले. "जागा झाली. पण साडूभाऊ, त्यांना आता उंबरं कोण टाकत असेल हो?"