बकुळीची उगवतीकडची बाजू

आधी पद्माबाईंचं नाव लिहिते, मग बाकीचं. त्या नसत्या तर माझ्या दोन्ही झाडांचं सरपण झालं असतं.

लग्नानंतर बार्शीहून चेन्नईला निघाले त्या सकाळी, आई, तू एस.टी.च्या खिडकीतून दोन डबे आत सरकवलेस. एकात आपल्या अंगणातल्या बकुळीचं रोप, दुसऱ्यात सीताफळाचं. माझी शाळा सातवीतच सुटलेली, परक्या भाषेची धास्ती, आणि तू सांगत होतीस झाडांचं: "कधी हलवलंस तर उगवतीकडची बाजू उगवतीकडंच ठेव गं. माणूस वळतं कुठंही, झाड बावरतं."

नुंगंबाक्कमच्या गच्चीवर, म्हणजे इथल्या मोट्टमाडीवर, सात वर्षांत ती डब्यातून कुंडीत, कुंडीतून पिंपात गेली. माझ्याहून उंच झाली. मग मुळांनी पिंपं फोडली आणि खालचं छत गळायला लागलं. घरमालकांनी बजावलं, पोंगलच्या आत हलवा, नाहीतर तोडतो. मी दारोदार विचारलं. कोणी म्हणे जागा नाही, कोणी म्हणे बकुळीखाली साप येतात.

खालच्या मजल्यावरच्या पद्माबाई मूळ तंजावरच्या. मराठीच बोलतात, पण जुन्या पोथीतल्यासारखी. "रडतीस कां गे? झाडांस पाय नाहींत, आपणांस आहेत नव्हे?" म्हणाल्या, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी बस धरून गुम्मिडिपूंडीला भावाकडे गेल्या. त्याच्या विहिरीजवळची जागा मिळवूनच परतल्या.

निघायच्या दिवशी मी दोन्ही खोडांना पूर्वेच्या अंगाला कुंकवाचं बोट लावलं आणि जेवणाचा डबा भरायला खाली आले. वर जाऊन बघते तर पद्माबाईंनी पूजा समजून खोडांना चहूकडून हळदकुंकू माखलेलं, वर कापूरही! मी नुसता कापूर विझवला. लॉरीतून झाडं खड्ड्यापाशी उतरली तेव्हा मात्र रडू फुटलं. सगळं सांगितलं.

"अय्यो, काय केलें मी!" त्या मटकन खाली बसल्या. मग एकदम, "अगे, माझा खिळा!"

साड्या वाळवायच्या दोरीसाठी त्यांनी दोन्ही खोडांत समोरासमोर खिळे ठोकले होते. त्यावरून मी महिनाभर अबोला धरला होता. बकुळ पूर्वेच्या कठड्याशी असायची, सीताफळ पश्चिमेच्या. म्हणजे बकुळीचा खिळा पश्चिमेला, सीताफळाचा पूर्वेला. आम्ही दोघींनी बोटांनी हळद पुसत खिळे शोधले आणि झाडं तशीच उभी केली.

पानं सगळी गळली. दर रविवारी जाऊन मी खोड नखानं खरवडून बघायची, आत हिरवं आहे का. होतं.

यंदा बकुळ फुलली. घर कुठलं असं कोणी विचारलं की पूर्वी मी लगेच बार्शी म्हणायचे. आता जरा थांबते.

पद्माबाईंनी आपला मुलूख पाहिलेलाच नाही. विचारतात, "तिकडे बाजारांतही सगळे मराठीच बोलतात कां?" आई, त्यांचे गुडघे साथ देतील तेव्हा त्यांना मी घेऊन येणार, हा माझा शब्द. थोरल्या बकुळीखाली बाज टाकून ठेव. आणि खोडात खिळा ठोकते म्हणाल्या, तर ठोकू दे.